आईबाबा सहा महिने अमेरिकेत: इन्शुरन्स घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कुठला

प्रश्न थोडक्यात असा होता: बाबा ६८, आई ६३, नाशिकला असतात, पहिल्यांदाच धाकट्या मुलाकडे न्यू जर्सीला साडेपाच महिने निघालेत. बाबांची २०१९ ला अँजिओप्लास्टी झालीये, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आईला थायरॉइड सोडून काही नाही. बाबांचं म्हणणं, मला काय होतंय, उगाच पैसे घालवू नका. तर इन्शुरन्स घ्यावा का, इथला की तिथला, कंपनी कुठली चांगली, आणि जाता जाता, आईच्या दाताचं काम त्यात होईल का.

आधी एक सांगून टाकते. मी पुण्यात इन्शुरन्सचंच काम करते, त्याआधी बरीच वर्षं एका टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्लेमच्या टेबलावर होते, म्हणजे पॉलिसी विकली की मला कमिशन मिळतं. तेव्हा ऐका माझं, घ्या कुणाकडूनही.

तुमचे प्रश्न चार आहेत पण चारही येऊन अडतात एकाच ठिकाणी, बाबांच्या हार्टपाशी. आईची पॉलिसी दहा मिनिटांत होईल. बाबांची घेताना मात्र "ही पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचं नक्की काय करते" हे कळल्याशिवाय कंपनीचं नाव, प्रीमियम, डिस्काउंट या सगळ्याला काही अर्थ नाही, कारण देव न करो पण त्यांना तिकडे मोठं काही झालंच तर ते हार्टचंच व्हायची शक्यता जास्त, आणि नेमकं तेच पॉलिसीत नसेल तर तुम्ही घसरून पडण्याचा आणि तापाचा इन्शुरन्स घेतलात एवढंच.

आता घ्यावा का. युरोपला जाताना हा प्रश्नच येत नाही, शेंगेन व्हिसालाच किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. कॅनडाच्या सुपर व्हिसाला तर एक लाख कॅनेडियन डॉलरचं, वर्षभराचं लागतं. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असलं काही मागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की ही आपली हौसेची गोष्ट आहे. आणि जिथे कुणी मागत नाही तिथलंच बिल जगात सगळ्यात मोठं येतं.

बाबांसारखे लोक मला नेहमी सांगतात की अहो तिकडे इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत. बरोबर आहे, १९८६ पासून तसा कायदाच आहे, इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळपास सगळ्याच हॉस्पिटलांना पैशाचं न विचारता पेशंट तपासावा लागतो आणि स्थिर करावा लागतो. पण कायदा उपचार फुकट करा असं म्हणत नाही ना, बिल नंतर घरी येतंच. आणि ते कुणाच्या नावाने येतं हे अ‍ॅडमिशनच्या वेळी ठरतं. तिथे कागदांचा गठ्ठा येतो, त्यात एका ठिकाणी "गॅरंटर" किंवा "जबाबदार व्यक्ती" असा रकाना असतो, आणि मुलगा रात्री दोन वाजता, वडील आत स्ट्रेचरवर, डोकं ठिकाणावर नाही, अशा वेळी तो सगळीकडे सह्या करत जातो. भावाला आत्ताच सांगून ठेवा, वाचल्याशिवाय तिथे सही नाही. नफा न कमावणाऱ्या हॉस्पिटलांना गरजूंसाठी बिल कमी करायची योजना ठेवावी लागते, रोख भरणाऱ्याला सूटही मिळते, पण परदेशी पाहुणा त्या योजनेत बसेल की नाही ते प्रत्येक हॉस्पिटलच्या नियमावर आहे, त्या भरवशावर विमानात बसू नये असं माझं मत.

तर घ्यावा. यात मला शंका नाही. हेच जर तुम्ही तिशीतले असता आणि पाच दिवस बँकॉकला निघाला असता तर मी म्हटलं असतं की घ्या नाहीतर राहू दे, स्वस्त आहे म्हणून घ्या. जास्तीत जास्त किती बिल येऊ शकतं आणि ते घरातनं भरता येईल का, एवढंच बघायचं असतं. सर्दी-खोकल्याच्या दोनशे-तीनशे डॉलरने तुमचा भाऊ बुडत नाही. अँब्युलन्स, कॅथ लॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली), दोन दिवस आयसीयू, स्टेंट, हे मिळून लाख डॉलरच्या घरात सहज जातं, रुपयात हिशोब करायला डॉलरला नव्वद धरा, म्हणजे नाशिकचा फ्लॅट. म्हणून प्रीमियम कमी करायचाच असेल तर डिडक्टिबल वाढवा, म्हणजे पहिले ५०० किंवा १,००० डॉलर आपण भरायचे असं घ्या, पण वरची रक्कम कमी करू नका. बरेच लोक नेमकं उलटं करतात, डिडक्टिबल शून्य आणि कव्हर ५०,०००. अमेरिकेसाठी ५०,००० हार्टच्या पेशंटला पुरत नाहीत. एक लाख ही मी तळाची रेषा धरते, अडीच लाख जमले तर उत्तम.

आता मुख्य गोष्ट, प्लॅनचा प्रकार. तिकडचे व्हिजिटर प्लॅन दोन जातीचे असतात. एक फिक्स्ड, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, रूमला दिवसाला इतके, ऑपरेशनला इतके, अँब्युलन्सला इतके, बाकी तुमचं तुम्ही. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, ज्यात डिडक्टिबलनंतर बिलाचा टक्का मिळतो, खूप प्लॅनमध्ये पहिल्या ५,००० डॉलरचे ८० टक्के आणि त्याच्यावर पूर्ण, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. वेबसाइटवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, दोन्हींवर "एक लाख डॉलर" लिहिलेलं असतं आणि फिक्स्डवाला बराच स्वस्त असतो, म्हणून माणसं तोच घेतात.

हिशोब करून बघा, आकडे मी समजायला धरलेत. समजा चार दिवस अ‍ॅडमिट आणि बिल ६०,००० डॉलर. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये ५०० डिडक्टिबल, त्यापुढच्या ५,००० चे २० टक्के म्हणजे १,०००, तुमच्या खिशातून गेले १,५००, कंपनीने भरले ५८,५००. फिक्स्डमध्ये रूमचे दिवसाला १,५०० प्रमाणे ६,०००, ऑपरेशनचे ४,०००, अँब्युलन्स ५००, इमर्जन्सी रूम ५००, झाले ११,०००. उरलेले ४९,००० तुमचे. पॉलिसी एक लाखाचीच होती, कंपनीने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण तक्ता पॉलिसीत पहिल्यापासून होता, कुणी उघडून बघितला नव्हता.

आणि हेच आपल्या इथल्या पॉलिसीतही असतं, फक्त नाव वेगळं, सब-लिमिट. बऱ्याच भारतीय ट्रॅव्हल पॉलिसीत ठराविक वय ओलांडलं की रूम, आयसीयू, सर्जन, तपासण्या यांना वेगवेगळी मर्यादा लागते. मुलगा ऑनलाइन घेताना वरचं मोठं अक्षर वाचतो, "२,५०,००० डॉलर", आणि सब-लिमिटचं पान पीडीएफमध्ये बरंच खाली असतं. त्यामुळे इथली घेणार असाल तर "विदाउट सब-लिमिट" असा वेगळा प्लॅन मागा, काही कंपन्यांकडे असतो, महाग असतो, पण वयस्कर माणसाला अमेरिकेसाठी तोच घ्यावा.

आता बाबांचं हार्ट. बहुतेक व्हिजिटर पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचे नेहमीचे उपचार देत नाहीत, चेकअप नाही, शुगरच्या गोळ्या नाहीत, कार्डिओलॉजिस्टची रूटीन भेट नाही. तिकडच्या चांगल्या प्लॅनमध्ये मिळतं ते "अ‍ॅक्यूट ऑनसेट", म्हणजे जुन्या आजाराचा अचानक, पूर्वसूचना न देता आलेला झटका, आणि त्यासाठी साधारणपणे २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असले पाहिजेत. हळूहळू वाढत गेलेला त्रास यात बसत नाही. हे वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखवा.

कारण आपल्या आईबाबांची सवय काय असते? छातीत दुखलं की पित्त झालंय. गॅस असेल, ओवा खातो. मुलगा ऑफिसला जातोय, त्याला कशाला सांगायचं, सून घरून काम करतेय, तिची मीटिंग चालू आहे. असे तीन दिवस निघतात आणि चौथ्या दिवशी रात्री अँब्युलन्स. इमर्जन्सीत नर्स विचारते कधीपासून होतंय, बाबा प्रामाणिकपणे सांगतात तीन दिवस झाले, आणि तेच कागदावर जातं. नंतर कंपनी हॉस्पिटलचे पेपर मागवते आणि तीच ओळ वर्तुळ करून परत पाठवते. क्लेमच्या टेबलावर मी असे पेपर पाहिलेत. याचा अर्थ नर्सला खोटं सांगा असा अजिबात नाही, डॉक्टरला खरं कळलंच पाहिजे, जीव आधी. याचा अर्थ असा की पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात सांगायचं, लाज वाटून घ्यायची नाही. तसंही हार्टच्या बाबतीत २४ तास थांबणं हे पॉलिसी नसतानाही चुकीचंच आहे.

याच कारणाने मी म्हणते की तिकीट काढायच्या आधी त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला दाखवून घ्या, इको, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, आणि "प्रवासाला हरकत नाही" असं पत्र. सध्या चालताना दम लागतोय, गोळ्यांचा डोस नुकताच बदललाय, असं काही असेल तर जाणं दोन महिने पुढे ढकला. कुठलीही पॉलिसी हे काम करू शकत नाही.

बाबा ६८ आहेत ही मात्र जमेची बाजू. तिकडच्या पुष्कळ प्लॅनमध्ये सत्तरी ओलांडली की मर्यादा खाली येतात, ऐंशीनंतर तर फारच, आणि अ‍ॅक्यूट ऑनसेटची रक्कमही त्याप्रमाणे आकसते. त्यामुळे पॉलिसीत तीन आकडे शोधा: या वयाला एकूण मर्यादा किती, अ‍ॅक्यूट ऑनसेटला किती, आणि त्यातला हार्टचा भाग वेगळा काढलाय का. काही ठिकाणी एकूण एक लाख आणि हार्टला त्यातले २५,००० असंही असतं, म्हणून तीन वेगळे बघायचे.

इथली की तिथली? दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. इथल्या पॉलिसीचं मोठं सुख म्हणजे वाद झालाच तर भांडण घरच्या अंगणात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली की विमा लोकपाल, पुण्यातही ऑफिस आहे आणि मुंबईतही, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निकाल देऊ शकतात, फक्त कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. तिकडच्या कंपनीशी नाशिकहून ईमेलवर भांडायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पण इथल्या पॉलिसीचा तोटा असा की न्यू जर्सीच्या हॉस्पिटलच्या काउंटरला भारतीय कंपनीचं नाव माहीत नसतं, सगळं तिकडच्या असिस्टन्स कंपनीमार्फत चालतं, तिच्याकडून हमीपत्र येईपर्यंत हॉस्पिटल डिपॉझिट मागू शकतं. आणि आधीच्या आजाराला इथल्या बहुतेक पॉलिसीत फक्त जीवावर बेतलं तरच, तेही छोट्या मर्यादेत कव्हर असतं. शिवाय इथली पॉलिसी बहुधा निघण्यापूर्वी इथूनच घ्यावी लागते. तिकडची पोचल्यावरही घेता येते, पण ते करू नका, विमानतळावर उतरल्यापासून चालू असली पाहिजे.

बाबांसाठी मी तिकडचाच कॉम्प्रिहेन्सिव्ह घेईन, अ‍ॅक्यूट ऑनसेटची मर्यादा चांगली असलेला, डिडक्टिबल ५०० किंवा १,०००. आईसाठी दोन्ही चालतील, इथला सब-लिमिट नसलेला स्वस्त पडत असेल तर तोच घ्या. जोडप्याचं पॅकेज घेऊन दोघांना एकाच प्लॅनमध्ये कोंबायची गरज नाही, त्यात बाबांच्या वयाने आईचा प्रीमियम चढतो नाहीतर आईच्या सोयीने बाबांचा प्लॅन हलका निवडला जातो.

इथला फॉर्म भरताना एक धोका आहे. आजारांच्या रकान्यात अँजिओप्लास्टी लिहिली की प्रीमियम वाढेल किंवा पॉलिसीच मिळणार नाही, म्हणून काही एजंट "नाही" वर टिक करायला सांगतात. माझ्याच धंद्यातले लोक आहेत, तरी सांगते, असा एजंट तिथल्या तिथे बदला. स्टेंट अँजिओग्राफीत दिसतो हो, लपवणार कुठे? तिकडच्या प्लॅनना बहुधा प्रश्नावलीच नसते, क्रेडिट कार्ड टाकलं की पाच मिनिटांत पॉलिसी, त्याने हुरळून जाऊ नका, ते सगळं वाचन क्लेमच्या वेळी करतात.

कंपनी कुठली, तर तिकडच्या प्लॅनमध्ये तीन माणसं असतात आणि तिघांना आपण "कंपनी" म्हणतो. एक विकणारी वेबसाइट, दुसरी क्लेम बघणारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तिसरी खरे पैसे देणारी अंडररायटर. रेटिंग बघायचं ते तिसरीचं, एएम बेस्ट (विमा कंपन्यांची आर्थिक ताकद मोजणारी संस्था) देते ते, "ए" किंवा वर. सर्व्हिस कशी आहे हे विचारायचं ते दुसरीबद्दल, आणि तेही ज्यांनी क्लेम केलाय त्यांना, ज्यांनी नुसती पॉलिसी घेतलीये त्यांचे पाच तारे काही कामाचे नाहीत, पॉलिसी घेताना सगळ्यांचाच अनुभव छान असतो. इथल्या कंपन्यांचंही तेच, जाहिरातीतल्या क्लेम सेटलमेंटच्या टक्क्यात हरवलेल्या बॅगा आणि चुकलेली फ्लाइटही धरलेली असू शकते, त्यावरून अमेरिकेतल्या आयसीयूचं काही कळत नाही.

त्यापेक्षा भावाला एक काम द्या. प्लॅन कुठल्या पीपीओ नेटवर्कवर (म्हणजे ठरलेल्या दरात बिल लावणाऱ्या हॉस्पिटल-डॉक्टरांच्या यादीवर) आहे ते बघायचं आणि घराजवळची दोन हॉस्पिटलं आणि एक अर्जंट केअर (किरकोळ आजारांसाठी अपॉइंटमेंटशिवाय जाता येतं असं क्लिनिक) त्या नेटवर्कच्या यादीत आहेत का ते शोधायचं, मग त्या अर्जंट केअरला फोन करून विचारायचं की हे कार्ड घेता का. पत्ते फ्रीजवर लावायचे. ताप, पाय मुरगळणे, युरिन इन्फेक्शन असल्या गोष्टींना इमर्जन्सी रूममध्ये जायचं नाही, अर्जंट केअरला जायचं, कारण साध्या आजारासाठी इमर्जन्सीत गेलात आणि अ‍ॅडमिट नाही झालात तर खूप प्लॅन वेगळी रक्कम कापतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं, तिथे मात्र ९११ (तिकडचा इमर्जन्सी नंबर), नेटवर्क वगैरे काही बघायचं नाही.

अ‍ॅडमिट झालं की कार्डावरच्या नंबरला लगेच कळवायचं, बहुतेक ठिकाणी २४ किंवा ४८ तासांची अट असते, न कळवल्यास रक्कम कापतात. मग बिलं. ती एक नसतात, हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं, आणि महिनोन् महिने येत राहतात, आईबाबा नाशिकला परत येऊन कैरीचं लोणचं घालत असतात तेव्हाही भावाच्या पोस्टाच्या पेटीत पाकीट असतं. कंपनीकडून एक कागद येतो ज्यावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही, तो वाचून कंपनीने काय भरलं ते कळतं. तो येईपर्यंत घाबरून हॉस्पिटलला पैसे भरत सुटू नका, आयटेमाइज्ड, म्हणजे प्रत्येक गोष्टीची वेगळी रक्कम लिहिलेलं बिल मागा, क्लेम फॉर्म मुदतीत भरा.

पॉलिसीची तारीख परतीच्या तिकिटाला चिकटवू नका. शेवटच्या आठवड्यात आजारी पडले तर विमानात बसता येत नाही आणि पॉलिसी संपलेली असते. दोन-तीन आठवडे जास्तीचे घ्या. लवकर परतलात आणि क्लेम नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे काही प्लॅन परत देतात, थोडी फी कापून.

औषधं मात्र इथूनच न्यायची, पूर्ण मुक्कामाची आणि वर थोडी. आणि प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इकोस्प्रिन, ग्लायकोमेट, टेल्मा म्हटलं की तिकडच्या डॉक्टरला काही बोध होत नाही, अ‍ॅस्पिरिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन म्हटलं की लगेच कळतं. क्रोसिनसुद्धा तिकडे अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणून मागावी लागते. स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि इको यांचे फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये आणि भावाकडे.

इथल्या मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका, तो बहुधा भारतापुरताच असतो. क्रेडिट कार्डावरचा फुकटचा विमाही बऱ्याचदा अपघाताचाच निघतो.

आणि आईचे दात. अपघातात दात तुटला किंवा अचानक असह्य ठणका लागला तर थोडीफार रक्कम मिळते, बाकी रूट कॅनाल, कॅप, कवळी यातलं काहीच बसत नाही. रूट कॅनाल राहिलं असेल तर निघायच्या महिनाभर आधी नाशिकलाच उरकून घ्या, कॅप बसेपर्यंत दोन-तीन सिटिंग जातात.